झिजलेल्या तोंडाचा देव

"मैडम, इसमें भगवान कौन-से हैं?" सोनाराने विचारलं, आणि माझं उघडलेलं तोंड उघडंच राहिलं. चौकातल्या सराफ्यात त्याच्या पांढऱ्या गादीच्या कडेला मी बसले होते. बाहेर एका स्कूटरवाल्याची आणि ई-रिक्षावाल्याची जुंपली होती, दोघं एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते, आणि इथे हा बाबा डोळ्याला भिंग लावून माझ्या खानदानाची चौकशी करत होता. त्याच्या तळहातावर आमचा टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला कुलदैवताचा ठसा, बिस्किटाएवढा. पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून बाहेर पडलेल्या आमच्यासारख्यांकडे गाव उरत नाही, शेत उरत नाही, मराठीसुद्धा निम्मी हिंदी होऊन जाते, पण देवघरात टाक असतो. माझ्या मुलाचं, हर्षलचं शिल्पाशी लग्न ठरलं होतं. नवा संसार म्हणजे नवा टाक, म्हणून जुना नमुन्याला घेऊन गेले होते. सोनाराने तो उजेडाकडे धरला, तिरका केला, पाठ बघितली. "घोड़े वाले हैं कि शेर वाली? दोनों का ठप्पा है मेरे पास. आप बस नाम बोलिए." नाव! मी त्याच्या हातातून टाक घेतला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा नीट बघितला. घोडा नव्हता, वाघ नव्हता, हात किती ते कळत नव्हतं. कडेला महिरपीसारखं काहीतरी होतं, खाली पाय असावेत असे दोन उंचवटे, आणि जिथे तोंड असायला हवं तिथे एक गुळगुळीत खळगा. बस्स. मी म्हटलं, "घर पूछ के बताती हूँ," आणि शाळेत पाढा विसरलेल्या पोरीसारखी उठले.

पिपलानीकडे जाणाऱ्या सिटी बसमध्ये खिडकीशी बसले आणि माझं मलाच हसू यायला लागलं, पण ते हसू काही गोड नव्हतं. कारण मी बाई धंद्याने कोडी सोडवणारी. ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या लिहिते. भोज राजाच्या काळातली एका पाथरवटाची विधवा, बिंबा तिचं नाव, धारेपासून भोजपूरपर्यंत गूढ उकलत हिंडते. कुठे मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येतं, कुठे तलावाच्या बांधात रात्रीचं कुणी बोलतं, कुठे यक्षिणी खांबावरून उतरून चालती होते. बिंबा दगडावर हात फिरवते आणि गुन्हेगार सापडतो. पुण्याचे प्रकाशक फोनवर म्हणतात, "मॅडम, थोडं गूढ वाढवा." मी वाढवते. फोडणीत हिंग घालावा तितकं. सगळं उलगडून झालं की शेवटच्या पानावर एक चिमूट शंका ठेवायची, की बाबा रे, यक्षिणी खरंच उतरली असेल का? वाचक त्या चिमटीवर खूश असतात. माझा स्वतःचा विश्वास विचाराल तर शून्य. आमच्याकडे पूजा श्याम, म्हणजे माझे यजमान करत आलेत आणि सासूबाई देव घासत आल्यात; मी प्रसाद खात आले. हजार वर्षांपूर्वीच्या मढ्यांची नावं शोधून काढणारी मी, आणि रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर आंघोळ करणाऱ्या देवाचं नाव मला माहीत नाही! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय. पर्समध्ये हात घालून मी टाक चाचपला. बस वळली तेव्हा माझा अंगठा त्या खळग्यावर होता, आणि तो तिथे इतका बरोबर बसला की मी घाईने हात बाहेर काढला. का काढला, ते काही तेव्हा समजलं नाही.

खरं तर नाव मी एकदा विचारलं होतं. नवी नवरी होते. आम्ही तेव्हा बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आमच्याकडे एक रीत आहे, मी ती दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही: नव्या सुनेने पहिलं काम करायचं ते टाक घासण्याचं. चिंच आणि राख घेऊन मोरीपाशी बसायचं, अंगठ्याने घासत राहायचं आणि सासू 'पुरे' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मी इतिहासात एमए केलेली, नाकावर राग. घासता घासता म्हटलं, "आई, हे कोण आहेत?" सासूबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घास, म्हणजे कळेल." मला वाटलं, हे सासुरवासाचं पहिलं पुष्प. चडफडत घासलं. अंगठ्याची साल निघायची वेळ आली, तेवढ्यात इंदूरची पाहुणे मंडळी रिक्षातून उतरली, एकच धांदल उडाली, मी हात धुतले आणि चहा टाकायला पळाले. ते 'पुरे' राहूनच गेलं. पुढे रोजचं घासणं सासूबाईंनीच केलं, मला परत कधी सांगितलं नाही. मीही सुटले म्हणून खूश. पण मधूनमधून दिसायचं. मोरीपाशी बसलेल्या सासूबाई, पदर खोचलेला, डोळे मिटलेले, अंगठा गोल गोल फिरतोय, आणि मग एका क्षणी हात थांबायचा. नुसता थांबायचा. कुणी हाक मारल्यावर माणूस थांबतो तसा. मग त्या टाक पाण्यात बुडवायच्या आणि दिवसभर त्यांचा मूड चांगला असायचा.

घरी आले तर यजमान बैठकीत पेपर वाचत होते. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "ग्वाल्हेरचे काका म्हणायचे खंडोबा. उज्जैनवाले म्हणतात भवानी. आपण पत्रिकेवर नुसतं 'कुलदेवता प्रसन्न' छापतो, कुणाचं अडत नाही."

"सोनाराचं अडलंय ना! तो काय 'कुलदेवता' नावाचा ठसा मारणार?"

"मग तू शोध की. बिंबाबाई कशाला ठेवल्यात?" म्हणाले आणि हसले. मला झोंबलं, पण मी बसले शोधायला. आमच्या देवाला हळद चालत नाही, म्हणजे भंडारा नाही, म्हणजे खंडोबा गेला. नवरात्रात घट बसतो, पण फुलोरा नाही, म्हणजे भवानीचंही पक्कं नाही. आणि नैवेद्य दाखवला की सगळ्यांनी देवाकडे पाठ करून उभं राहायचं, तो जेवेपर्यंत. हे कोणत्या देवाचं आहे? पुण्याच्या दोन विद्वानांना फोन केले, एकाने मला इतका वेळ पकडून ठेवलं की भात लागला, पण नाव काही निघालं नाही. संध्याकाळी हर्षलचा बंगळूरहून फोन. "आई, तू टेन्शन नको ना घेऊ यार. कोई भी बनवून टाक. शिल्पाला कुठे फरक पडतो?" कोई भी! मी म्हटलं, "उद्या बाप कोण विचारलं तर कोई भी सांगशील का?" आणि फोन ठेवला. पण त्याचं तरी काय चुकलं होतं?

तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "वैजू, टाक परत आणलास का ग? दे इकडे." त्यांचे डोळे काचबिंदूने नेले, तरी टाक घासणं सुटलं नव्हतं, उलट डोळे गेल्यावर त्या जास्तच वेळ घासायच्या. या दिवाळीपासून मात्र ते काम आमच्या कामवालीकडे, सरोजकडे गेलं होतं. मी समजले, वय झालं. टाक हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला, टाक हातात फिरवून घेतला, पुन्हा अंगठा फिरवला. मग डावा अंगठा. किल्ली लागत नाही म्हणून माणूस कुलपाशी खटपट करतो तशी त्यांची खटपट चालली होती. आणि मग त्या माझ्याकडे तोंड करून, अगदी हळू, बाहेर मुलाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "आहेत का ग?"

"कोण?"

"हे. आत. मला आता कळत नाही. साखरेनं बोटं मेली माझी. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. डोळे गेले तेव्हा म्हटलं, जाऊ देत, अंगठा आहे. आता दिवाळीपासून काहीच नाही. रागावून गेले, का आहेत आणि मलाच कळत नाही, काय समजायचं?" त्यांचा ओठ थरथरत होता. या बाईला मी नवऱ्याच्या तेराव्यालाही रडताना पाहिलं नव्हतं. तोवर मला वाटत होतं की प्रश्न हर्षलच्या टाकाचा आहे, पत्रिकेचा आहे, माझ्या नाकाचा आहे. इथे एक म्हातारी अंधारात बसून विचारत होती की जिच्याशी जन्मभर बोलले ती जागा रिकामी तर नाही ना, आणि तिला मरण्याआधी उत्तर हवं होतं. उत्तर द्यायला घरात मी एकटी होते, जिचा विश्वास शून्य.

मग मी माझ्या धंद्याला जागले. रात्रीची जेवणं व्हायची होती, त्यांच्या पलंगावर बसले आणि गोष्ट रचली. चांगली रचली हो, उगीच कशाला खोटं बोलू! एका गावातली नदीकाठची देवी, पूर आला तेव्हा तिने गावाला तोंड फिरवून उभं राहायला सांगितलं, कारण पुराला अडवताना तिचं जे रूप झालं ते माणसाने बघण्यासारखं नव्हतं. म्हणून आपण नैवेद्याला पाठ करतो. हळद पुरात वाहून गेली म्हणून हळद चालत नाही. तिचं नाव आपल्या पूर्वजांनी मुद्दाम विसरायचं ठरवलं, पण मला एका जुन्या बखरीत सापडलं. आणि मी नाव सांगितलं. सगळे धागे जुळत होते. बोलता बोलता माझ्याच अंगावर काटा आला, इतकं ते बेमालूम होतं. सासूबाईंनी सगळं ऐकलं, लहान मुलासारखा हुंकार देत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाल्या, "छान लिहितेस ग तू. मी उगाच वाचलं नाही इतकी वर्षं." टाक माझ्या हातात परत ठेवला. "पण ही ती नव्हे."

मी विचारलं, "मग कोण, आई? तुम्हाला माहिती आहे का?"

"नाव कुठे माहिती आहे मला? मला नुसती ओळख आहे."

दुसऱ्या दिवशी यजमानांनी आपलं शास्त्र बाहेर काढलं. जन्मभर लोखंडाशी संसार केलेला माणूस. म्हणाले, "हे बघ, धातूवर ठोकून उठवलेलं असलं ना, की वरून घासून गेलं तरी दाब खाली राहतो. ॲसिडने एच केलं, म्हणजे वरचा थर खाऊ दिला, की पुन्हा दिसतं. चोरीच्या गाड्यांचे खोडलेले नंबर असेच काढतात. आमच्या कारखान्यातल्या गोविंदला सांगितलंय, त्याच्या ओळखीची एक लॅब आहे, दुपारी नेऊ." म्हणजे ते तोंड तिथेच होतं? चांदीच्या आत, बुडालेलं? मला एकदम भोजपूर आठवलं. आपल्याकडचे सगळे पाहुणे आपण तिथे नेतो, तसं सासूबाईंनाही नेलं होतं, डोळे शाबूत असताना. अर्धवट राहिलेलं देऊळ, आणि बाहेर खडकावर कोरलेले नकाशे, न झालेल्या कळसाचे, न झालेल्या खांबांचे. मी त्यांना सांगत होते, की बघा आई, जे देऊळ कधी उभंच राहिलं नाही ते इथे दगडात निजलंय. माझ्या बिंबाचा जन्मच त्या खडकावर झालेला. त्या म्हणाल्या, "हं." आत ते प्रचंड शिवलिंग, मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं, मी दर वेळी गप्प होते तिथे. सासूबाईंनी हात जोडले, आणि पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "फार मोठं आहे. पण हाताला येत नाही." तेव्हा मी ते वाक्य उचलून कादंबरीत बिंबाच्या तोंडी घातलं होतं. वाचकांना आवडलं होतं. अर्थ मात्र मला कधी विचारावासा वाटला नव्हता.

ॲसिडला मी हो म्हटलं. मला बघायचं होतं, शप्पथ. तोंड दिसलं असतं, नाव मिळालं असतं, सोनाराला ठसा, म्हातारीला उत्तर, आणि खरं सांगू का, मला एक कादंबरी. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तेजाब लावणार देवाला? लावा बापडे. तुम्ही शिकलेली माणसं. पण नेण्याआधी एकदा घासून दे. पारोसा नको नेऊ." सरोज येऊन गेली होती. म्हणून मीच चिंच भिजवली, उदबत्तीची राख घेतली आणि मोरीपाशी पाट टाकून बसले. गुडघे कुरकुरले. सासूबाई दारात खुर्ची ओढून बसल्या. भरदुपार, बाहेर भंगारवाला ओरडत होता, कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी होत होती, आमच्या इंद्रपुरीतली रोजची दुपार.

घासायला लागले. आधी महिरप, मग पायांचे उंचवटे, मग अंगठा आपसूक खळग्यात गेला. नीट बसला, बसमध्ये बसला होता तसाच. गोल फिरवला. आणि मला एकदम कळलं की हा खळगा कुणा कारागिराने केलेला नाही, काळानेही नाही. हा अंगठ्यांनी केलेला आहे. माझ्या आधी सासूबाईंचा, त्यांच्या आधी त्यांच्या सासूचा, तिच्या आधी ग्वाल्हेरच्या छावणीत उतरलेल्या कुणा नऊवारीतल्या पोरीचा, जिला सासूने म्हटलं असेल, घास, म्हणजे कळेल. भक्तीने घासून घासून आम्ही आमच्या देवाचं तोंड पुसून टाकलं होतं. केवढी ही चूक! आणि ती इतक्या जणींनी, इतक्या प्रेमाने, एकीच्याही लक्षात न येता केलेली. मला हसू येईना, रडू येईना. त्या सगळ्या बायकांच्या अंगठ्यांचे वळसे माझ्या अंगठ्याखाली होते, आणि मी त्यांच्यावरून फिरत होते. माझे डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मिटले ते. भंगारवाला, कुकर, सगळं कुठेतरी लांब गेलं. चिंचेचा वास तेवढा राहिला, आणि पाण्याने गार झालेली चांदी. मग ती गार राहिली नाही. मी म्हटलं, घासल्याने तापली असेल. घासत राहिले.

आणि खालून कुणीतरी दाबलं. कसं सांगू? हर्षल पोटात असताना पहिल्यांदा हलला होता, तेव्हा मी बरखेड्याच्या ओट्याशी कणीक मळत होते आणि हात तसेच पिठात ठेवून उभी राहिले होते, कारण आत कुणीतरी आहे हे मला तोवर नुसतं माहीत होतं, आता त्याने स्वतः सांगितलं होतं. अगदी तसंच. आतून, हळूच, ओळख द्यावी तसं, माझ्या अंगठ्याला दुसरा अंगठा टेकला. देवाचा म्हणा, त्या बायकांतल्या कुणाचा म्हणा, मला फरक करता येईना. माझा हात थांबला. भीती अजिबात वाटली नाही, याचंच नंतर नवल वाटलं. एवढंच वाटलं की मी फार लहान आहे आणि फार मोठं कुणीतरी वाकून माझ्याकडे बघतंय.

"पुरे," दारातून सासूबाई म्हणाल्या.

त्या आंधळ्या डोळ्यांना काय दिसलं? हात थांबलेला ऐकू आला असेल. असेल. मी आधी मान डोलावली, पण मान त्यांना दिसणार नव्हती. म्हणून म्हटलं, "आहेत, आई."

त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळत राहिलं, ते त्यांनी पुसलं नाही. फाटकाशी यजमानांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. "वैजू, चल लवकर, गोविंद वाट बघतोय!" मी तिथूनच ओरडले, "गोविंदला म्हणावं, घरी ये, चहा पी आणि जा! टाक लॅबमध्ये जायचा नाही!" ते आत आले, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि वाद न घालता हेल्मेट काढून ठेवलं. जन्मात पहिल्यांदा. सोनाराला मी तिथेच चिंचेच्या हाताने फोन लावला. म्हटलं, भैया, नया नहीं बनाना. हर्षलला आणि शिल्पाला हाच जाईल. तो म्हणाला, पर मैडम, इसमें तो मुँह ही नहीं है. म्हटलं, है.

मग मी सासूबाईंच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. त्यांचा उजवा हात घेतला, तो सुकलेला, मेलेला अंगठा खळग्यात नीट बसवला, वरून माझा अंगठा ठेवला आणि दोघींचा मिळून फिरवला. बराच वेळ. पुन्हा आलं ते. हळूच, त्यांच्या अंगठ्यातून आरपार माझ्यापर्यंत.

"दाबलं का ग?" त्यांनी विचारलं.

"दाबलं. तुम्हाला कळलं?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "तुला कळलं ना? मग झालं."